घोटभर तेल

३ फेब्रुवारी

भाऊजी,

ताई गेल्यापासून चार वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय तेही कामापुरतं. तुम्ही म्हणाल, गरज पडली की मेहुणीला भाऊजी आठवतात. खरं आहे.

म्हातारी बंद आहे. म्हणजे बाबांचा ट्रक. तपासणीला नेला तेव्हा तपासनीस खाली वाकला आणि ब्रेकच्या नळ्या जिथे एकत्र येतात त्या पितळी ठोकळ्याला त्याने बोट लावलं. बोट ओलं झालं. ते माझ्यासमोर धरून म्हणाला, हे कोरडं झाल्याशिवाय कागद मिळणार नाही. मग मिस्त्रीने जोड आवळायला घेतले. ठोकळ्यात बाहेरून आटे असलेले चार पितळी नट बसतात, प्रत्येकातून एक नळी आत जाते. त्यातल्या एकाचे आटे पान्याखाली गेले आणि तो नुसताच गोल फिरायला लागला. मिस्त्री म्हणाला, या गाडीचे भाग बनवणारी कंपनी राहिली नाही, भंगारात दे. मग माझं तोंड बघून म्हणाला, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळून बघू. मी थांबवलंय. तुम्हाला विचारल्याशिवाय नको.

घाई आहे. मार्चअखेर डोंगरावरची झाडं फुलतात. तोवर नव्वद मधपेट्या वर न्यायच्या आहेत. इथे खाली आता फूल नाही, माश्यांना साखरेचं पाणी पाजतेय. त्यावर त्या एप्रिल काढणार नाहीत. भाड्याच्या गाडीसाठी दोघांना विचारलं. माल काय, म्हणाले. मधमाश्या म्हटल्यावर एक उठून गेला. दुसरा हसला आणि मग उठून गेला.

शाबूत राहिलेल्या तीन नटांपैकी एक काढून डबीत घालून पाठवतेय. असे कुठे मिळत असतील तर कळवा.

धाकटी

*

१० फेब्रुवारी

धाकटे,

टेप गुंडाळू नको. मिस्त्रीला सांग, या जोडात आटे तेल अडवत नाहीत. नळीचं पसरट केलेलं तोंड ठोकळ्यातल्या बैठकीवर दाबलं जातं, तेल तिथे अडतं. आट्यांचं काम दाब धरून ठेवायचं. टेप लावली की गळती दिसायची थांबते, व्हायची थांबत नाही.

असे नट विकत मिळायचे नाहीत. तीन दुकानं फिरलो. एका दुकानदाराने नट उजेडात धरला आणि म्हणाला, हा माझ्याहून वयाने मोठा असेल, याला नमस्कार करतो.

म्हणून स्वतःच केले. मी आता लेथवर नसतो. कारखान्याच्या गोदामात हत्यारं देतो, परत घेतो. दुकान बंद केल्यापासून चार वर्षं लेथला हात लावला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत वापरू का म्हणून मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, बोटं मोजून ठेवा, संध्याकाळी परत मोजू. बोटं सगळी आहेत.

नमुना चांगल्या हाताचा आहे. आट्यांवर गेज, म्हणजे आटे मोजायची दातेरी पट्टी, लावून बघितला, चपखल बसला. केसाचा फरक नाही. जुने लोक असं काम करायचे. त्याच मापाचे सहा पाठवतोय. आधी बोटांनी फिरवा, मग पाना लावा.

मीच आलो असतो. मुकादम सुट्टी देत नाही.

भाऊजी

*

१९ फेब्रुवारी

भाऊजी,

नट पोचले. मिस्त्री एक खिशात टाकून निघाला होता, बायकोला दाखवायला. काढून घेतला.

चार बसवले. बोटांनी फिरले, पण जरा जास्तच सहज. पडायला आलेल्या दातासारखे डुलत होते. पान्याने आवळल्यावर घट्ट झाले. तेल भरलं, हवा काढली. मी पेडल दाबून धरलं आणि मिस्त्री गाडीखाली झोपला. शंभर आकडे मोजायचे ठरलं होतं. साठाला तो खालून म्हणाला, आला. थेंब.

तुमच्या कामात खोट नसणार. ठोकळ्याची भोकंच झिजली असतील. मिस्त्री म्हणतो ठोकळा बदला. तो कुठून आणायचा ते मात्र म्हणत नाही.

थेंब तसा बारीक आहे. तपासनीस नसता तर मी चालवली असती. या गाडीची तेवढी सवय आहे आम्हाला. दर शनिवारी ब्रेकच्या तेलाच्या डबीचं झाकण उघडायचं, खुणेपर्यंत घोटभर तेल घालायचं, झाकण लावायचं. ताई म्हणायची, म्हातारीला तहान लागते. मी तर लहानपणी मैत्रिणींना सांगायचे की सगळ्याच गाड्यांना असं पाजावं लागतं.

दोन पेट्या उपासाने गेल्या. बाकीच्या उचलून बघते तेव्हा हलक्या लागतात.

धाकटी

*

२३ फेब्रुवारी

धाकटे,

ब्रेकचं तेल गाडी पीत नाही. ते बंद नळ्यांत असतं. कमी होत असेल तर बाहेर जातंय.

दर शनिवारी म्हणजे कधीपासून? तुझ्या ताईला हे माहीत होतं, तर मला कोणी का सांगितलं नाही?

गाडी हलवू नको. अंगणातल्या अंगणातसुद्धा.

भाऊजी

*

२७ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्हाला सांगणार नाही असं वचन ताईने माझ्याकडून घेतलं होतं. आज ते मोडतेय. ती रागावेल, पण मला ऐकू येणार नाही.

तुमचं लग्न ठरायच्या आधीची गोष्ट. मी बारा वर्षांची होते. ठोकळ्याचा एक नट चिरला. ताईने तो रुमालात बांधला आणि तुमच्याकडे घेऊन आली. तुमचं लेथचं दुकान तेव्हा नवं होतं. तुम्ही एकाऐवजी चार करून दिलेत. चारही नटांच्या एका कोपऱ्यावर तुम्ही कानस मारली होती, तुमची खूण म्हणून. ती खूण तिने घरात सगळ्यांना दाखवली, मलासुद्धा.

बाबांनी ते बसवले. आठवड्याने तेल कमी झालं. बाबा म्हणाले, परत घेऊन जा, नीट करून आण. ताई नको म्हणाली. का, तर पहिल्यांदाच त्यांनी आपल्यासाठी काही केलंय. "घोटभर तेल घालणं सोपं आहे. त्यांचं पडलेलं तोंड बघणं अवघड." बाबा म्हणाले, मग तूच घाल.

तिने घातलं. लग्नानंतर ती दर शनिवारच्या बसने इकडे यायची. तुम्हाला वाटायचं, पेट्या बघायला येते. पेट्या बघायचीच, पण आधी बाटली घेऊन गाडीकडे जायची. ती गेल्यावर मी घालते.

डबीतून पाठवलेला नमुना त्याच चारांतला होता. तुम्ही लिहिलंत, चांगल्या हाताचा आहे. मी हसले. मग वाटलं, तुम्हाला ओळखू आला नाही तर आपण कशाला बोला. तेव्हाच सांगायला हवं होतं. तुमचं जेवण सुटलं आणि माझे पंधरा दिवस गेले.

धाकटी

*

७ मार्च

भाऊजी,

उत्तर नाही. रागावला असाल तर रागाचं पत्र लिहा, तेही चालेल. नुसतं गप्प बसू नका. मागच्या वेळी असेच गप्प झालात आणि चार वर्षं गेली.

डोंगरावरून आलेला माणूस सांगत होता, कळ्या धरल्यात.

धाकटी

*

१० मार्च

धाकटे,

दोन्ही पत्रं मिळाली. राग नाही.

नमुन्याचा नट रॉकेलमध्ये घासला. काजळी गेल्यावर कोपऱ्यावरची कानशीची खूण दिसली. म्हणजे मी माझीच चूक मोजली होती. गेज चपखल बसला, बसणारच. मग तीच चूक आणखी सहा वेळा केली आणि वर जुन्या लोकांचं कौतुक केलं.

चूक काय ते सांगतो. तुझ्या ताईने आणलेल्या चिरलेल्या नटावर पाच आटे होते, तेही चेपलेले. मी मिलिमीटरवर शिकलेला. एका आट्याला एक मिलिमीटर धरला आणि कापला. तुमची गाडी इंचांच्या काळातली. तिथे एका इंचात चोवीस आटे, म्हणजे दर आट्याला केसभर जास्त. पाच आट्यांत एवढा फरक डोळ्याला दिसत नाही. नट आत जातो, पण भार एकटा पहिला आटा उचलतो. बाकीचे नुसते सोबतीला असतात.

एवढी वर्षं तुमच्याकडे आलो, गेलो, जेवलो. एकदाही त्या गाडीखाली वाकलो नाही. नट बघून नट केला. भोक बघितलंच नाही.

तुझी ताई अठरा वर्षं पेट्या भरून तो डोंगर उतरली. हे दहा दिवस तेवढंच डोक्यात होतं. ती आजाराने गेली, गाडीने नाही, हे मला कळतं. तरी पण.

शेवटी मुकादमाला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बायकोने जन्मभर एक गोष्ट लपवली आणि ती एवढीच निघाली? नशीबवान आहात. मग पुढचे आठ दिवस लेथ तुमचा, म्हणाला.

आता भोक मोजायचं. तुझ्याकडे मेण आहे. बोटांत मऊ कर, वितळवू नको. वितळलेलं मेण गार होताना आकसतं. भोक पुसून आत तेलाचं बोट फिरव. मेण दाबून भर, मध्ये खिळा रोव आणि गार होऊ दे. मग खिळा धरून उलटं फिरवत बाहेर काढ. ओढायचं नाही. उन्हात मऊ होणार नाही असं बांधून पाठव.

भाऊजी

*

१४ मार्च

भाऊजी,

पहिलं मी ओढलं. तुम्ही ओढू नको लिहिलं होतं तरी ओढलं. दुसरं आतच मोडलं, ते काडीने कोरून काढायला दुपार गेली. तिसऱ्याच्या वेळी मिस्त्री म्हणाला, बाई, हे दाताच्या डॉक्टरकडे करतात. त्याला म्हटलं, मग तोंड बंद ठेव. तिसरं निघालं. मेण जुन्या पोळ्याचं आहे, ते कडक असतं. मधाच्या डब्यात लाकडाचा भुसा भरून मध्ये ठेवलंय.

काळजी कामाची असू दे, मागची नको. मी बाराव्या वर्षापासून त्या गाडीत बसतेय. ताई डोंगर उतरायची ती पहिल्या गियरमध्ये. मागच्या गाड्या भोंगे वाजवून दमायच्या. तिला ब्रेकचं माहीत होतं, म्हणून ती तशी चालवायची. तिला फसवलं नव्हतं कोणी.

आता मी एक विचारते. मुकादम जेवणाच्या सुट्टीत लेथ देतो, आठ दिवस देतो. मग चार दिवसांची रजा का देत नाही?

धाकटी

*

१८ मार्च

धाकटे,

मेण धड पोचलं. इंचाचा गेज लावला. चोवीस.

या वेळी तेवढ्यावर थांबलो नाही. सोबत एक लांब बोल्ट आहे, त्याच आट्यांचा. नट आखूड असतो, त्याची चूक खपून जाते. लांब बोल्टची खपत नाही. तो भोकात बोटांनी फिरव, पाना अजिबात नको. माप चुकलं असेल तर तीन-चार फेऱ्यांत अडकेल. बरोबर असेल तर तळाला टेकेल. फेरे मोज.

नट आठ आहेत. बोल्ट तळाला गेला तरच बसवायचे. यांच्यावर कानस मारलेली नाही.

रजेचं. मुकादम देतो. मीच मागत नाही. ती असताना तुमच्याकडे आलो की मला कोणी बस म्हणत नसे. मी कुठेही टेकायचो, पायरीवर, पोत्यावर, मिळेल तिथे. ती गेल्यावर दोनदा आलो. दोन्ही वेळा तू आतून खुर्ची आणलीस आणि पदराने पुसलीस. त्यावर बसून चहा प्यायलो आणि परत आलो. तुझी काही चूक नाही. पण त्यानंतर यावंसं वाटलं नाही.

भाऊजी

*

२२ मार्च

भाऊजी,

अकरा फेरे. दोन बोटांनी गेला. तळाला टक्कन टेकला ते मिस्त्रीलाही ऐकू आलं. चारही भोकांत करून बघितलं, चारहींत अकरा.

नट बसवलेले नाहीत. बसवणारही नाही. तुम्ही येऊन बसवा. तपासनीस अठ्ठावीस तारखेला इकडे आहे, त्यानंतर महिनाभर नाही. वर पहिली झाडं फुलली. दोन पेट्या आणखी गेल्या. तेव्हा तुम्ही आला नाहीत तर काय होईल ते तुम्हाला मोजता येतं.

आता पुन्हा मुकादमाचं कारण लिहू नका. पेडलवर पाय ठेवायला माणूस हवा आहे. खुर्चीचं मी बघते.

धाकटी

*

१२ एप्रिल

भाऊजी,

तुम्ही डोंगरावरून परस्पर बस धरलीत, त्याला आता दोन आठवडे होत आले. पेट्या लागल्या. नव्वदातल्या शहाऐंशी. चौथ्या दिवशी दोन-तीन पेट्या उचलून बघितल्या. जड होतायत. खाली असताना माश्या माझ्या अंगावर धावून यायच्या, आता मी तिथे आहे की नाही याचं त्यांना काही पडलेलं नाही.

मिस्त्री ती गोष्ट सगळीकडे सांगत फिरतोय. दर वेळी आकडा वाढतो. तुम्ही पेडल दाबून धरलंत आणि तो खाली होता तेव्हा आपण तीनशेपर्यंत मोजलं होतं. काल त्याच्या तोंडून पाचशे ऐकले. तपासनिसाने बोट लावलं, बघितलं, परत दुसरं बोट लावून बघितलं, तेही सांगतो. ते मात्र खरं आहे.

तुम्ही आलात तेव्हा खुर्ची दिली नाही, हे लक्षात आलं असेल. दोन्ही खुर्च्या आदल्या दिवशी शेजारी ठेवून आले होते. शेजारीण विचारत होती, घरी कार्य आहे का. कार्य असेल तर खुर्च्या आणतात ना, मी म्हटलं, नेऊन ठेवत नाहीत. तुम्ही रिकाम्या पेटीवर बसलात. ती मोडकी होती, वाकली. 

तपासणी झाल्यावर तुम्ही पुन्हा गाडीखाली गेला होतात. सगळं कोरडं असताना इतका वेळ काय करत होतात, हे मला काल कळलं. टॉर्च घेऊन वाकले. चारही नटांच्या एका कोपऱ्यावर कानशीची खूण आहे.

खरं सांगायचं ते पुढे आहे. तुम्ही गेल्यानंतरच्या शनिवारी बाटली घेऊन गाडीकडे गेले. सवयीने. झाकण उघडलं. पातळी खुणेवर होती. मला वाटलं, एकच आठवडा झालाय. काल पुन्हा उघडलं. खुणेवर. बाटली हातात तशीच. भाऊजी, बावीस वर्षांत पहिल्यांदा शनिवारी त्या गाडीपाशी करायला काही नव्हतं. बरं वाटलं. मग जरा वेळ वाटलं नाही. मग परत वाटलं.

अर्धी बाटली शिल्लक आहे. तिचं काय करू?

धाकटी

*

१६ एप्रिल

धाकटे,

ब्रेकचं तेल एकदा उघडलं की हवेतलं पाणी ओढून घेतं. महिन्याभरात निकामी होतं. त्या बाटलीतलं गाडीत घालू नको.

बाटली फेकूही नको.

शनिवारी झाकण उघडून बघत जा. काही करायचं नसलं तरी बघायचं असतं. महिन्यातला एक शनिवार मी बघेन. मुकादमाला सांगितलंय. तो म्हणाला, एकच का?

खुर्च्या शेजारीच असू देत.

भाऊजी